मासोळ्यांच्या खाद्याले ऊन

आमच्या रजतची बायको, अंकिता, लग्न होऊन आली न् दुसऱ्याच दिवशी वावरात जाऊन शेततळ्याच्या काठावर बसली. बाकीच्या सुना आधी कपाट पाह्यतेत, मंग न्हाणी पाह्यतेत. हिनं पाणी पाह्यलं. बोटानं ढवळलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला न् मले म्हणे, "काकाजी, यात कोणी काई सोडलं नाई का अजून?"

मी तिचा चुलत सासरा, ओमप्रकाश. गिरडच्या फाट्यावर माह्यं दुकान हाय, विहिरीवरच्या जळलेल्या मोटरा नवा तार गुंडाळून भरून देतो. घरात नवीन माणूस आलं का त्याले एखाद्या गोष्टीत गुंडाळल्याबिगर मले जेवण जात नाई. मी तोंड बारीक करून सांगतलं, "सोडली ना. तुह्या सासऱ्यानं, रूपरावभाऊनं, मगर सोडली हाय. दिवसा निजून राह्यते."

तिनं माह्याकडं पाह्यलं, पाण्याकडं पाह्यलं. म्हणे, "मंग तिले खाद्य वेगळं लागन. बारीक दाण्यानं तिचं पोट नाई भरणार."

ओठसुद्धा हालला नाई पोट्टीचा. भाऊच्या भिंतीले लागूनच माह्यं घर, तिथं येऊन मी जयाले, माह्या बायकोले, सांगतलं, "भाऊच्या घरी आपल्या जातीचं कोणीतरी आलं बाप्पा."

अंकिता बोरगाव मेघेची. नागपूरले मासोळीचंच शिक्षण घेतलं होतं तिनं, बीज तयार करतेत तिथं नोकरीलेही होती. लग्नात नोकरी सुटली. रजत रोज हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगात जाते, सकाळी गेला का दिवस बुडल्यावर येते. घरात रायले सासू-सासरे न् ही. बोलाले सगळे गोड, पण त्या घरात तिचं असं काईच नव्हतं. भांडे सासूचे, वावर सासऱ्याचं. म्हणून ते तळं तिले पायजे होतं. तिनं हे कोणाले बोलून दाखवलं नाई. पण तळ्याचं नाव निघालं का तिचा आवाजच बदले.

रूपरावभाऊ, माहा मोठा भाऊ, माणूस चांगला, फक्त त्याच्या संत्र्याच्या झाडाइतकं प्रेम त्यानं कोणावर केलं नाई. त्यानं तळं दिलं, पण तिथंच सांगून ठेवलं, "पोरी, एक वर्स करून पाय. पण उन्हाळ्यात झाडायले पाणी कमी पडलं तं मी तळं उपसन. मंग तुह्या मासोळ्या मोठ्या असो का लहान. अन् एकदा उपसलं का पुढच्या वर्सी पुन्हा म्हणजो नोको."

ती म्हणे, "नाई म्हणणार बाबा."

आनंदावैनी, म्हंजे तिची सासू, गळ्यात तुळशीची माळ घालते. घरात अंडं येत नाई. खाद्याचं पयलं पोतं आलं, त्याले मासोळीचा वास होताच, वैनीनं पदर नाकाले लावला न् म्हणे, "हे घाणीचं पोतं माह्या सयपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलं तं मी बाहेर." बस, एवढंच बोलली. पोतं मांगच्या सपरीत, पत्र्याच्या छपराखाली, गेलं. अंकिता खाद्य कालवून आली का आधी हात धुवे, मंग आंघोळ करे, मंग चुलीकडं जाये. सासू-सुनेत भांडण नव्हतं. दोघीबी एकमेकींले पाहुण्यासारख्या वागत, तेच जास्त वाईट होतं.

रोहू-कतल्याचं बीज, म्हंजे बोटाएवढे पिल्लं, पावसाळ्यात सोडलं. दिवाळीपर्यंत मस्त वाढल्या. मी जाऊन काठावर टाळी वाजवली का वरते येत. गावातल्या लोकायले मी सांगे, ह्या मासोळ्या मराठी समजतेत. दोन बुढे खरंच येऊन तळ्यासमोर बोलून गेले.

संक्रांतीनंतर काय झालं देव जाणे, मासोळ्यायनं खाणं टाकलं. दाणे पाण्यावर तरंगत राह्यत न् फुगून सडत. डोस्कं मोठं न् पोट खपाटीले, अशा दिसू लागल्या. पाण्यावर पांढरी दोऱ्यासारखी घाण तरंगे. अंकितानं तिच्या कॉलेजच्या सरले फोन लावला, फोटो धाडले. सर म्हणे पोटाचं दुखणं हाय, खाद्यातून प्रोबायोटिक दे.

पार्सल आलं. मी म्हणलं, "पाहू दे बरं औषध."

"औषध नाई काकाजी. यात जीव हायेत. डोळ्याले दिसत नाई एवढे बारीक. मासोळीच्या आतड्यात जाऊन राह्यतेत न् तिले खाल्लेलं पचवू लागतेत. वाईट जंतूले जागा ठेवत नाई."

"म्हंजे एसटीत आधी जाऊन रुमाल टाकून ठेवते तसे."

"तसेच," ती हासली. "गुळाच्या पाण्यात रातभर ठेवले का जागे होतेत. सकाळी दाण्यावर शिंपडाचे, वरून तेलाचा हात फिरवाचा, न् सावलीत सुकू द्याचं. सावलीतच. उन्हात पडले का मेले."

वावरात सावली नाई, झाडं नवीनच लावलेले न् मोटरची जुनी खोली अडगळीनं भरलेली. म्हणून ती सकाळी घरीच सपरीत ताडपत्रीवर खाद्य कालवून पसरे, मंग सासऱ्याचा डब्बा घेऊन वावरात जाये, तळ्यातली घाण जाळीनं काढे, दुपारी परत येऊन खाद्य घेऊन जाये. रोज. एक दिवस चुकली नाई.

अन् मासोळ्या काई सुधरल्या नाई.

शिवरात्र गेली. ऊन तापू लागलं. एक दिवस मी वावरात गेलतो तं ही काठावर बसून. समोर दाणे तरंगून राह्यले न् ही त्यायच्याकडं पाहून राह्यली. मी म्हणलं, "काय वं, मगर खाऊन गेली का सगळ्यायले?"

तिनं हासून पाह्यलं, जमलं नाई. म्हणे, "काकाजी, माह्याच हातून काईतरी चुकून राह्यलं. सापडून नाई राह्यलं. सरायले विचारलं, पाणी तपासलं, गूळ बदलला. सर म्हणते एवढ्या दिवसात फरक पडाले पायजे होता. बाबा म्हणे हनुमान जयंती झाली का जाळं टाकून पाहू. ह्या अशाच निघाल्या तं संपलं."

"मंग?"

"मंग काई नाई. सयपाक करीन," ती म्हणे.

असं काई वाईट बोलली नाई ती. पण मले दिवसभर दुकानात मोटरचा तार गुंडाळता गुंडाळता तेच ऐकू येत होतं. एक मोटर मी उलटी भरली त्या दिवशी.

होळीच्या आधीची गोष्ट हाय. भाऊच्या घरची पाण्याची टाकी वाहून राह्यलती. मी पाना घेऊन त्यायच्या स्लॅबवर चढलो. वरते ऊन असं का डोळा उघडत नव्हता. पाह्यतो तं काय, स्लॅबच्या मधोमध ताडपत्री, ताडपत्रीवर मासोळीचं खाद्य, न् आनंदावैनी उकिडव्या बसून दोन्ही हातानं ते खाद्य वरखाली करून राह्यल्या. नाकाले पदर बांधलेला. गळ्यातली माळ फिरवून पाठीवर टाकलेली. न् तोंडानं काय म्हणत होत्या तं, "वाळा रे बाबायनो लवकर, येईन ती आता."

मी खोकललो. वैनीनं असं पाह्यलं जसं का मी त्यायले चोरी करताना धरलं.

"भाऊजी, तुमी इथं काऊन आले?"

"टाकी पाह्याले. तुमी काऊन आल्या?"

"हळू बोला." त्या पायऱ्याकडं पाहून आल्या. "कोणाले सांगसान तं माह्यं मेल्याचं तोंड पाहान."

"नाई सांगत. पण हे काय चाललं हाय?"

"ऊन देऊन राह्यली. दिसत नाई का? पोरगी ओलंच खाद्य सावलीत पसरून जाते रोज. ओलं खाद्य बुरशी धरते भाऊजी. वड्या असो, सरगुंडे असो, काईबी असो, कडक ऊन नाई दाखवलं तं बुरशी. तिच्या मायनं नसन शिकवलं. शहरातलं घर, वाळवाले जागा कुठची."

"मंग तिले सांगाचं ना."

वैनी दाणे फिरवत राह्यल्या. मंग म्हणे, "मी सांगतलं तं ते 'सासू टोचून बोलली' असं होते भाऊजी. माह्या सासूनं मले वड्याच शिकवल्या होत्या, चांगलंच सांगतलं होतं, तरी मी न्हाणीत जाऊन रडली होती. ही तं तशीच दोन घास खाऊन तळ्याकडं पयते. म्हणून मी बोलतच नाई. ती वावरात गेली का वरते आणते, ती याच्या आधी खाली नेऊन पसरते. तिले काई समजत नाई."

"कधीपासून?"

"तिनं कालवाले सुरवात केली तवापासून."

मी पाना खाली ठेवला. सगळं तिथंच उघडं पडलं होतं. पोट्टी रोज रातभर जीव जागे करे, न् सासू रोज सकाळी स्लॅबवर नेऊन मारे. अन् माळकरी बाई ज्या वस्तूचा वासही घेत नव्हती ती वस्तू दोन्ही हातानं कालवून राह्यलती. लपून. त्यायच्या बोटाच्या कातडीले पिवळा रंग धरला होता खाद्याचा.

मी माह्या आयुष्यात लय कमी वेळा केलं ते केलं. खरं बोललो.

"वैनी, याच्यात जीव हायेत. डोळ्याले दिसत नाई. उन्हानं मरतेत ते. सावलीतच ठेवाचं असते."

वैनीनं पदर तोंडावरून काढला न् हासल्या. पोट धरून हासल्या. "हाव का? अन् मीटरले कान हायेत."

गोष्ट अशी का, लाइटीचे नवीन मीटर बसले तवा मी वैनीले सांगतलं होतं, यात माईक हाय, बोललेलं सगळं ऑफिसात ऐकू जाते. पूर्ण उन्हाळा त्या मीटरखालून तोंडावर हात ठेवून जात. भाऊशी भांडाचं असलं तं आंगणात येऊन भांडत.

"वैनी, आईच्यान खरं सांगतो."

"मीटरच्या वक्तीही आईचीच शपथ घेतली होती तुमी," त्या म्हणे न् दाणे फिरवू लागल्या.

खरं सांगून फसलो, म्हणून मी मंग माह्या ओळखीच्या रस्त्यानं गेलो. दुसऱ्या दिवशी सांगतलं, "वैनी, टेकडीवरचे वांदरं तुमच्या स्लॅबवर टपले हायेत. मासोळीच्या खाद्याले चटावले." मले वाटलं त्या खाद्य खाली नेतीन. त्यायनं काठी आणली न् राखणीले बसल्या. आधी मधूनमधून खाली तरी जात, आता बसूनच राहू लागल्या. खाद्याले अजून जास्त ऊन.

मंग मी रोपवाटिकेतली हिरवी जाळी आणली, टाकीचं पाणी थंड राह्यते असं सांगून पूर्ण स्लॅबवर ताणली. संध्याकाळी जयानं मले बातमी दिली, "वैनीनं आज खाद्य आपल्या स्लॅबवर वाळवलं. भिंतीवरून ताडपत्री अलीकडं घेऊ लागाले तुमी पायजे होते, कुठं गेलते?"

आता जयालेही माहीत झालं होतं न् ती वैनीच्या बाजूनं होती. दोघीयनं मिळून माही जाळी सोडून टाकली, नुसते खांब राह्यले, न् खाद्य परत वैनीच्या स्लॅबवर.

अंकिताले सरळ सांगावं तं शपथ घेतलेली. बरं, शपथेचं एवढं नाई, माह्या शपथेले गावात कोणी विचारत नाई. भेव होतं ते दुसरंच. पोट्टीले समजलं का सासूनंच रोज तिची मेहनत मातीत घातली, तं ती काय करन? तोंडानं काई बोलणार नाई, ते मले माहीत होतं. पण मनात राह्यलं असतं. चाळीस वर्स त्या दोघी एका चुलीवर राह्यणार होत्या. न् नाई सांगावं तं तळं जाणार. दोन्हीकडून माह्याच गळ्याले फास.

मी विचार केला. तोंडानं सांगाचं नाई, असं ठरलं होतं. टाकीतून नळाले पाणी सोडणारा वॉल बंद कराचा नाई, असं कुठंच ठरलं नव्हतं.

त्या दिवशी मी रूपरावभाऊले डब्बा स्वतःच नेऊन दिला, म्हणलं अंकिताले घरी राहू दे, तिचं डोस्कं दुखते. अंकिताले सांगतलं, बाबा आज डब्बा मले नेऊ दे म्हणे. वैनीले सांगतलं, पोरगी गेली वावरात. ती तवा मांगच्या न्हाणीत धुणं धूत होती. वैनी खाद्य घेऊन वरते चढल्या न् मी वॉल बंद केला.

नळ आटला. अंकिता बाहेर आली. "काकाजी, पाणी गेलं."

"टाकी पाय बरं वरते जाऊन," मी म्हणलं. "माह्या गुडघ्यात आज जोर नाई."

ती चढली. तिच्या मांगून मीबी चढलो, माह्या गुडघ्याले काई झालं नव्हतं. शेवटच्या दोन पायऱ्या राह्यल्या न् ती थांबली.

वैनी आमच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. पाठीवर माळ. एका हातानं दाणे पसरून राह्यल्या न् दुसऱ्या हातानं त्यातले खडे, काडी निवडून राह्यल्या, जसे तांदूळ निवडतेत. एक दाणा ताडपत्रीच्या बाहेर गेलता तो उचलून, फुंकून परत आत टाकला.

अंकिता तिथंच उभी राह्यली. मले वाटलं आता हाक मारते, आता मारते. तिनं वळून माह्याकडं पाह्यलं, ओठावर बोट ठेवलं, न् उलट्या पावली खाली उतरली. खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. गाल ओले होते.

"काकाजी, आईनं हात लावला त्याले."

"हाव. पण तुह्ये जीव मेले ना सगळे. रोज मरून राह्यले."

"मरू द्या," ती म्हणे, न् नाक पुसलं. "मी एवढे दिवस समजत होती का आईले माह्या अंगाचा वास येते."

मंग तिनं मले जे विचारलं त्याच्यावरून मले समजलं का ही माह्याहून पोचलेली हाय. म्हणे, "वॉल तुमीच बंद केला ना?"

"कायचा वॉल?"

"चालू करा. न् आईले सांगू नोका मी आलती म्हणून."

"मंग तळ्याचं काय?"

"पाहू," ती म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुकान उशिरा उघडलं. भिंतीवरून पाह्यतो तं सपरीत ताडपत्रीवर खाद्य पसरलेलं, ओलंच. मी डोस्क्याले हात लावला. म्हणलं, हिनं सासूले दुखवाचं नाई म्हणून तळं सोडून देलं. ती वावरात गेली, वैनी खाद्य घेऊन वरते गेल्या, सगळं आधीसारखंच. फक्त स्लॅबवर, माह्या जाळीच्या उरलेल्या खांबाले एक मोठी छत्री बांधून ठेवली होती न् तिच्या खाली एक पाट. दाणे उन्हात राह्यतीन न् बाई सावलीत बसन, अशा बेतानं. वैनी इकडंतिकडं पाहून पाटावर बसल्या.

दुपारी अंकिता आली. वाळलेलं खाद्य घमेल्यात घेतलं, सायकलवर बांधलं, न् निघाली. मीबी मांगं गेलो. विहिरीजवळ, मोटरच्या जुन्या खोलीत अडगळ सरकवून तिनं एक झाकणाची बादली लपवून ठेवली होती. झाकण काढलं तं गुळाचा आंबूस वास. तिनं आता कुठं ते पाणी दाण्यावर शिंपडलं, तेलाचा हात फिरवला, न् खोलीतल्या सावलीत पसरलं.

"घरी नुसतं पाणी मारते दाण्यावर," ती म्हणे. "आई वाळवतेत. वाळवू द्या. कोरडे दाणे तं उलट जास्त शोषून घेतेत."

मी त्या खोलीच्या दारात खाली बसलो. माणूस पन्नाशीचा होते, गावभर नाव कमावते, न् बोरगाव मेघेची पोट्टी येऊन त्याले असं बसवते.

"हे तुले कोणी शिकवलं?"

"मगरीनं," ती म्हणे.

होळी गेली, पाडवा गेला. आधी पांढऱ्या दोऱ्या गेल्या. मंग एक दिवस दाणे टाकल्याबरोबर पाण्यावर चट्‌चट् आवाज आला, जसे पावसाचे मोठे थेंब पडतेत. अंकितानं मले फोन लावला न् नुसता पाण्याकडं धरून ठेवला. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर तो आवाज ऐकत उभा राह्यलो. गिऱ्हाईक म्हणे, कोणी गेलं का? मी म्हणलं, नाई, जेवून राह्यले.

हनुमान जयंती झाली. हिंगणघाटचे दोघं जाळेवाले आले. रजतनं सुट्टी टाकली. भाऊ कमरेवर हात ठेवून काठावर उभा. त्याच्या मांगं संत्र्याचे झाडं पानं मुडपून उभे. अन् बांधावरून, पयल्यांदाच, वैनी येताना दिसल्या. भाऊ म्हणे, "ही काऊन आली इथं?"

जाळं ओढलं. मासोळ्या उसळल्या, उन्हात चांदीसारख्या. खपाटीचे पोट भरून आलते, खवल्यायले चमक होती. जाळेवाला म्हणे, "तब्येत मस्त हाय जी." पण लहान होत्या. एवढे दिवस वाया गेलते, ते कुठून भरून निघणार. अंकितानं एक रोहू हातात घेऊन पाह्यला न् परत सोडला. तिनं लपवलं नाई. "बाबा, अजून पावसापर्यंत ठेवाव्या लागतीन. आता काढल्या तं अर्ध्याच वाढलेल्या हायेत."

भाऊनं झाडायकडं पाह्यलं. त्याले वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "पोरी, तुह्यी मेहनत मले दिसून राह्यली. पण मी आधीच सांगतलं होतं. झाडं वाळून राह्यले."

"हाव बाबा," ती म्हणे. न् ओले हात ओढणीले पुसू लागली. पुसतच राह्यली.

"पाणी राहू द्या," वैनी म्हणे.

सगळ्यायनं वळून पाह्यलं. भाऊ म्हणे, "तू मधात काऊन बोलून राह्यली? तुले कायचं मासोळीचं?"

"माह्या हातचं खातेत त्या."

"काय?"

"रोज मी त्यायचं खाद्य वाळवते. स्लॅबवर. दोन्ही हातानं."

भाऊनं वैनीच्या हाताकडं पाह्यलं, मंग गळ्याकडं. "माळ घालून?"

"माळ पाठीवर घेते," वैनी म्हणे. त्यायची मान खाली गेली नाई. "माह्या घरचं खाणाऱ्याले मी आजपर्यंत अर्ध्या पोटी बाहेर काढलं नाई. तुमचे सोयरे आले, तुमचे भांडणाचे लोक आले, सगळे पोटभर जेवून गेले. ह्यायलेही जाऊ द्या."

जाळेवाल्यानं जाळं हातातच धरून ठेवलं. माह्या तोंडून एक शब्द निघाला नाई, ते गावात अजून कोणाले खरं वाटत नाई.

भाऊनं विहिरीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं न पाह्यताच म्हणे, "ओम्या, विहिरीच्या तळाशी हाय थोडं पाणी. तिथून झाडायपर्यंत पाईप टाकला तं रोज थोडं थोडं देता येईन का?"

"मोटर मी देतो," मी म्हणलं.

"चालू देजो. मागच्यासारखी उलटी भरलेली देजो नोको."

अन् सुनेले म्हणे, "पावसापर्यंत ठेव. पुढच्या वर्सीचं बीज कुठून आणाचं ते आतापासूनच पाय."

जाळेवाल्यायनं जाळं सैल सोडलं. मासोळ्या खाली गेल्या. रजतनं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, मंग बाप उभा हाय हे ध्यानात येऊन काढून घेतला.

घरी जाताना सासू-सून पुढं, मी मांगं. बांध अरुंद, एकामांगं एक चालावं लागते, पण त्या दोघी कशातरी जोडीनंच चालून राह्यल्या होत्या. थोड्या वेळानं वैनी म्हणे, "अंकिता, उद्यापासून ते गुळाचं पाणी केव्हा न् कसं शिंपडते ते मले दाखवजो. नुसते दाणे किती दिवस वाळवू?"

अंकिता जाग्यावर थांबली. मीबी.

"आई, तुमाले माहीत होतं?"

"होळीच्या आधीपासूनच दाण्याले गुळाचा वास येईना. नाक हाय मले."

"मंग वाळवत काऊन राह्यल्या?"

"तू वरते पाट ठेवला, छत्री बांधली," वैनी म्हणे. "म्हणलं, पोरीनं आपल्यासाठी जागा केली हाय, बसलं पायजे."

अंकितानं वैनीच्या पाठीवरची माळ हळूच फिरवून पुढं घेतली, सारखी केली.

"उद्यापासून सपरीतच बसू आई. सावलीत."

"सावलीतच बसू बाई," वैनी म्हणे. "उन्हानं माह्यं डोस्कं लय दुखे वं रोज."